नटवीची अकरा अंडी

२५ जुलै

सापडली! सापडली, सापडली, सापडली!

अजून ओलीच आहे, म्हणून अक्षर असं. रिसॉर्टवर आज पाहुणे नव्हते. सरावाला म्हणून एकटीच समुद्रात उतरले, बर्फाच्या जुन्या कारखान्यासमोर. आठ मीटरवर काळ्या रेतीत एक पालथी करवंटी, आणि तिच्या कडेला — नटवी! म्हाकूळच ती, पण माझ्या अंगठ्यापेक्षा जराशी मोठी. जांभळी, पिवळी, पांढरी, टोकांना लाल. बाकीच्या म्हाकळी पोहतात, या बाईसाहेब चालतात! रेतीवरून ठुमकत करवंटीपाशी जायची, आत हात घालून एक अंडं चिकटवायची, बाहेर यायची, माझ्याकडे बघून रंग बदलायची, परत आत. मी पालथी पडून मोजत होते. अकरा अंडी.

हवा संपत आली तेव्हा नाइलाजाने वर आले. आमचे नावाडीकाका, ओम योपी, होडीत टोपी तोंडावर घेऊन आडवे.

“काय दिसलं?”

“रेती.”

“रेती बघून एवढे दात निघतात होय?”

कोणालाही सांगितलं नाही. सांगणारही नाही.

२६ जुलै

परत गेले. नटवी नाही. अंडी आहेत. आईपण संपलं, गेली निघून!

२९ जुलै

नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं थंड राहील.

रिसॉर्टमध्ये कायम गाईडची एकच जागा आहे. उमेदवार दोन — रेफ्ली आणि मी. ओम डेकी, आमचे मुख्य गाईड, सगळ्यांचेच काका, त्यांचे कान आता खोल पाण्यात दुखतात. त्यांच्या जुन्या जपानी पाहुण्या होन्मा-सान १९ ऑगस्टला येणार. एकाहत्तर वर्षांच्या! दरवर्षी येतात, आतापर्यंत नऊदा आल्या. मोठी नटवी त्यांनी दोनदा बघितली आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर येताना कधीच नाही. ते जन्मतःच रंग घेऊन येतं म्हणतात. होन्मा-सानना तेवढं एकच बघायचं राहिलं आहे.

ओम डेकी सगळ्यांसमोर म्हणाले, “होन्मा-सानना जो ते दाखवेल, तो कायम.” मग माझ्याकडे बघून, “किंवा जी.” बाकीचे खो-खो हसले. या अख्ख्या सामुद्रधुनीत बाई गाईड नाही, म्हणून हसले. हसा लेको!

नाही जमलं तर एक सप्टेंबरपासून बितुंगचा डबाबंद माशांचा कारखाना. अकरा वर्षं तिथे टूना चिरला. न्हायले तरी केसांचा वास जात नसे. सुपरवायझर अजून आईला विचारतो, “युलिन कधी येते परत?” आईने माझे जुने गमबूट अजून टाकलेले नाहीत.

मी त्या बुटांत पाय घालणार नाही. नाही म्हणजे नाही.

अंडी घातली २५ जुलैला. ओम डेकींच्या हिशेबाने उबायला चार आठवडे, एखाद-दोन दिवस इकडेतिकडे. होन्मा-सान २६ ऑगस्टला जाणार. बसतंय! अगदी बरोबर बसतंय!

२ ऑगस्ट

रोज जाते. पाहुण्यांना समुद्रघोडे दाखवले की शेवटच्या पाच मिनिटांत तिकडून एक फेरी. करवंटीला हात लावत नाही, डोकं रेतीला टेकवून आत बघते. अकराच्या अकरा. पांढरी, साबुदाण्यासारखी, पण मोठी.

हात लावला तर संपलंच. ओम डेकींचा एकच नियम आहे — प्राण्याला, अंड्याला बोट लागलं की गाईड घरी. चार वर्षांपूर्वी एकाने बेडूकमासा फोटोसाठी वीतभर सरकवला होता. आता तो बंदरात मोटारसायकली धुतो.

दुसरा नियम कोणी केलेला नाही, पण सगळे पाळतात. काय दिसलं ते रिसॉर्टच्या फळ्यावर लिहायचं, कुठे दिसलं ते आईलासुद्धा सांगायचं नाही. ज्याला सापडलं, त्याचं. दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बघणंसुद्धा चोरी.

मी तर काय दिसलं तेही लिहिलेलं नाही.

५ ऑगस्ट

रेफ्ली जेवताना म्हणाला, “काय गं, तुला हल्ली बर्फाच्या कारखान्याचं फार वेड लागलंय?”

“तिथे थंड वाटतं.”

“तो बंद पडून वीस वर्षं झाली.”

सगळे हसले. मी भातावर मिरचीची चटणी एवढी घेतली की डोळ्यांतून पाणी आलं, मग बोलायची गरज उरली नाही. याच्यावर नजर ठेवली पाहिजे. हा रेफ्ली पाण्यात चांगला आहे — माझ्यापेक्षा चांगला, पानावर खोटं कशाला लिहू — आणि त्याचा हा शांतपणा मला अजिबात आवडत नाही. चोर असेच शांत असतात.

८ ऑगस्ट

घोळ झाला.

सतरा ऑगस्टच्या, आमच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आधी सगळं गाव मिळून झाडलोट करतं, रस्ते, गटारं, कुंपणाला चुना. दरवर्षीचंच आहे. यंदा गावप्रमुखांना स्वच्छ गावाचं बक्षीस हवंय! चर्चमध्ये उपासना संपल्यावर उभे राहिले — “या वेळी समुद्रसुद्धा! दहा मीटर खोलीपर्यंत! डबे, बाटल्या, टायर, करवंट्या — सगळं बाहेर!” टाळ्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईने कोपर मारलं, मग वाजवल्या.

अहो, त्या डब्या-करवंट्यांतच तर सगळे राहतात! त्या काळ्या रेतीत दुसरी भिंत कुठे आहे त्यांना? ओम डेकी बोलतील असं वाटलं होतं. ते गावप्रमुखांच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. बोलले नाहीत.

१२ ऑगस्ट

ओम डेकींना म्हटलं, “साफसफाईला बर्फाच्या कारखान्यासमोरचा पट्टा मला द्या. मला तो भाग पाठ आहे.”

“चिठ्ठ्या टाकणार. नाहीतर सगळ्यांना उथळ पट्टे हवेत.” मग डोळे बारीक केले. “तिथे काही आहे का?”

तेव्हाच सांगून टाकायचं होतं. जिभेवर आलं होतं! रेफ्ली शेजारी गाठी सोडवत बसला होता.

“काही नाही,” म्हटलं.

१४ ऑगस्ट

चिठ्ठीत मला चर्चच्या धक्क्याचा पट्टा. बर्फाच्या कारखान्याचा पट्टा दुसऱ्याच एका गाईडला आला होता. मी त्याच्याकडे जाईपर्यंत रेफ्लीने त्याच्याशी चिठ्ठी बदलून घेतली होती! माझ्या डोळ्यांदेखत!

“का रे?”

“असंच. तिथे थंड वाटतं.”

दोन तास धक्क्याखाली टायर ओढले. वर आले ती थेट कारखान्यासमोर, सिलेंडरमध्ये उरलेल्या हवेवर. रेती स्वच्छ. आरशासारखी स्वच्छ! एक डबा नाही, एक बाटली नाही. करवंटी नाही.

१४ ऑगस्ट, संध्याकाळ

करवंट्यांचं काय केलं म्हणून विचारत सुटले. कोणीतरी म्हणालं, बायांनी नेल्या, मासे धुरवायला. पळत गेले तर आमच्याच घरामागे! आईने भट्टी पेटवलेली, वर काकळांग मासे टांगलेले, आणि बाजूला करवंट्यांची अकरा पोती.

मी पोती उपडी केली. सगळी. मग भट्टीत हात घालून पेटलेल्या ओढायला लागले.

“डोकं फिरलंय का तुझं? मासे कच्चे राहतील!”

“यातली एक माझी आहे, आई!”

“करवंटी? तुझी? नाव घातलं होतंस?”

आई हसत होती. मग तिने माझं तोंड बघितलं आणि हसायची थांबली. खाली बसली आणि एकेक करवंटी उलटून माझ्याकडे देत राहिली. कशात काही नव्हतं. खेकडा नाही, शिंपला नाही, अंडं तर नाहीच.

हात भाजलाय, डावा. आईने तेल लावलं. “माशांचा कारखाना वाईट नाही गं,” म्हणाली. मी हात ओढून घेतला.

१५ ऑगस्ट

सकाळी सातची होडी. सगळे गाईड, ओम डेकी, ओम योपी सुकाणूवर. मी उभी राहिले.

“कारखान्यासमोर करवंटीत नटवीची अंडी होती. अकरा. मला सापडली होती. ती रेफ्लीने चोरली. हा चोर आहे!”

घसा फाटेस्तोवर ओरडले. धक्क्यावरच्या बायासुद्धा वळून बघायला लागल्या.

रेफ्लीचे कान लाल झाले, एवढंच. ओम योपींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, मग इंजिनकडे.

“अंडी होती तर सांगितलं का नाहीस?” ओम डेकी माझ्यावरच डाफरले. “मी पट्टा सोडला असता!”

“आजवर या होडीत कोणी कोणाला काही सांगितलंय?”

ओम डेकी रेफ्लीकडे वळले. “चिठ्ठी का बदललीस? अंडी बघितलीस का? हात लावलास का?”

“मला काही सांगायचं नाही.”

असं कोण म्हणतं? ज्याने केलंय तो! ओम डेकींनी त्याला महिनाअखेरपर्यंत पाण्याबाहेर ठेवलं — सिलेंडर भरायचे, बस. बरं झालं. बरं झालं, बरं झालं.

अंडी मात्र गेलीच.

१६ ऑगस्ट

रडायचं होतं तेवढं रडून झालं. आता दुसरी नटवी शोधायची. तीन दिवस आहेत.

१७ ऑगस्ट

झेंडा, गाणी, पोरांची पोत्यातली शर्यत. मी सकाळी ध्वजवंदनाआधी एकदा उतरले, दुपारी केळ्याची भजी खाऊन परत. काही नाही. नटवीचा पत्ता नाही, साधी म्हाकूळसुद्धा नाही.

सिलेंडर घ्यायला गेले तर रेफ्ली कॉम्प्रेसरपाशी. मी बोलणार नव्हतेच. तोच बोलला, नळीकडे बघत.

“करवंटी पाण्यात वर चढत नाही. उतारावर गडगडली तर खालीच जाते. वीस मीटरपर्यंतसुद्धा.”

“मला शिकवतोस? चोर तो चोर—”

“मी करवंटीबद्दल बोलतोय,” म्हणाला, आणि सिलेंडर माझ्यापुढे ठेवला. काठोकाठ भरलेला. इतरांपेक्षा जास्तच.

चेष्टा करतो! माझी अंडी घालवून वर चेष्टा! रागाने रात्रीचं जेवण गेलं नाही.

१८ ऑगस्ट

रागाच्या भरात का होईना, खाली गेले. कारखान्यासमोरून सरळ उताराने, जिथे आम्ही कोणी जात नाही, कारण तिथे काही नसतं. अठरा, एकोणीस, वीस. एकवीस मीटरवर बोटी बांधायचा जुना काँक्रीटचा ठोकळा. त्याच्या आडोशाला करवंटी. पालथी, एका बाजूने जराशी उचललेली, खाली दगडाचा टेकू.

डोकं रेतीला टेकवलं. एक, दोन, तीन... अकरा!

मी पाण्याखाली ओरडले. मास्कमध्ये पाणी शिरलं.

वर आल्यावर विचार केला, इथे कशी? मग लक्षात आलं — ऑक्टोपस! इथले ऑक्टोपस करवंट्या बगलेत मारून फिरतात, त्यात घर करतात. एखाद्याने उचलून नेली असणार. देवा, त्या ऑक्टोपसला सुखी ठेव!

मग रेफ्ली चोर नाही? — नाही कसा! चिठ्ठी का बदलली? उतारावरून ढकलली असेल त्याने, काढून टाकायची म्हणून. ऑक्टोपसने सांभाळली, त्याने नाही.

तरी काल त्याने वीस मीटर म्हटलं होतं, ते डोक्यातून जात नाहीये. जाऊ दे. ओम डेकींना अंडी सापडल्याचं कळलं तर रेफ्लीला परत पाण्यात घेतील, आणि तो माझ्यापेक्षा चांगला म्हणून होन्मा-सान त्याच्या पदरात पडतील. कायम झाले की बघू. तेव्हा हवं तर माफीसुद्धा मागेन.

१९ ऑगस्ट

होन्मा-सान आल्या. काडीसारख्या, पाठ ताठ. वाकून नमस्कार केला, मीही केला. दरवेळचा दुभाष्या या वेळी बरोबर नाही, मोडक्यातोडक्या बोलीत चालतं. म्हणाल्या, “डॉक्टर म्हणाले, यानंतर समुद्र बंद. हृदय.” छातीवर दोन बोटं ठेवली. “हे दहावं. आणि शेवटचं.”

एकवीस मीटर! मी विचारलं, जमेल का?

“तुम्ही पुढे, मी मागे,” म्हणाल्या.

२१ ऑगस्ट

अंडी आता पारदर्शक झालीत. आत पिल्लू दिसतं — दोन काळे डोळे! आणि रंग! आतल्या आत बदलतोय, पिवळा, तपकिरी, परत पिवळा. अंड्यातच नटायला लागलंय!

होन्मा-साननी पाण्याखाली माझा हात धरला. भाजलेला हात. दुखला, पण सोडवला नाही.

२३ ऑगस्ट

सकाळी नाही. दुपारी नाही. एकवीस मीटरवर फार वेळ थांबता येत नाही, घड्याळ ओरडतं. रात्री होन्मा-साननी गोळ्या घेतलेल्या मी बघितल्या.

परवा पाण्यात उतरायचा शेवटचा दिवस. देवा, घाई कर.

२४ ऑगस्ट

सकाळी सहाला उतरलो. आठव्या मिनिटाला.

एक अंडं हललं. जरा फुगलं, फाटलं, आणि शेपटाकडून ते बाहेर आलं — माझ्या करंगळीच्या नखाहून लहान. करवंटीच्या कडेवर पडलं, क्षणभर पांढरं फटक. आणि मग — जांभळं! पिवळं! सगळं! जन्माला येऊन दोन श्वास झाले नाहीत आणि रंग! आणि चाललं. रेतीवर उतरून एवढुसं चाललं, आईसारखं ठुमकत!

चार निघाली आमच्यासमोर. होन्मा-साननी फोटो काढला नाही. कॅमेरा गळ्यात तसाच. मास्कमध्ये त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, ते बाहेरचं पाणी नव्हतं.

वर आल्यावर होडीत त्या माझ्यापुढे वाकल्या. पार गुडघ्यांपर्यंत. मी काय करावं ते कळेना, मीही तशीच वाकले. डोकी आपटली. दोघी हसत सुटलो. ओम योपी म्हणाले, “होडी उलटवताय का बायांनो!” पण तेही डोळे पुसत होते.

२५ ऑगस्ट

कायम!

निळा शर्ट मिळाला, पाठीवर ‘गाईड’. ओम डेकींनी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं — नटवीची पिल्लं, युलिन. या वेळी कोणी हसलं नाही. आईने गमबूट शेजारणीला देऊन टाकले आणि माझ्यासाठी धुरवलेला काकळांग केला, एक आख्खा मासा.

ओम डेकींनी विचारलं, “करवंटी खाली कशी गेली?”

“ऑक्टोपसने नेली.”

रेफ्ली कॉम्प्रेसरपाशी होता. त्याने ऐकलं आणि सिलेंडरला नळी लावत राहिला. उद्या-परवा माफी मागू, म्हटलं. आज नको. आज माझा दिवस.

२६ ऑगस्ट

होन्मा-सान गेल्या. विमानतळाच्या गाडीत बसेपर्यंत माझा हात सोडला नाही.

२८ ऑगस्ट

रेफ्ली गेला. काल संध्याकाळच्या जहाजाने, सोरोंगला. तिकडे पापुआत कोणाकडे तरी काम बघणार म्हणे. मला कोणी सांगितलंही नाही. अंडी सापडली तरी मी ‘चोर’ हा शब्द मागे घेतला नव्हता, त्यानेही चिठ्ठीचं कारण सांगितलं नव्हतं, म्हणून इथे ओम डेकींनी त्याचं नाव काढून टाकलं होतं, आणि शेजारच्या रिसॉर्टांतही कानोकानी गेलं होतं.

माफी मागायची राहिली. फोन करू.

२९ ऑगस्ट

आज होडीत मी नव्या पाहुण्यांना ऑक्टोपसची गोष्ट सांगत होते. पाहुणे उतरून गेल्यावर ओम योपी म्हणाले, “ऑक्टोपस कसला! करवंटी रेफ्लीने नेली. मी वर होडी धरून होतो. त्याचे बुडबुडे खोल पाण्याच्या दिशेने सरकत गेले, म्हटलं हा पोरगा मरतोय. वर आला तर हवा संपलेली. चर्चची पोरं पोती घेऊन दहा हातांवर होती, म्हणाला. दोन्ही हातांत धरून नेली, पालथीच, एकही अंडं हलू न देता. तू तो पट्टा मागितलास तेव्हाच त्याने ओळखलं होतं, तिथे तुझं काहीतरी आहे; म्हणून तर चिठ्ठी बदलली होती त्याने.”

“मग त्या दिवशी बोलला का नाही?”

“काय बोलणार? हात लावला म्हटलं असतं तरी घरी, चोर ठरला तरी घरी. आणि तू त्याने सुचवलेल्या वीस मीटरवरच जाऊन जागा शोधलीस, तेवढं त्याला पुरलं. मला आईची शपथ घातली होती. आता गेलाय, म्हणून सांगतो.”

फोन लागत नाही. जहाज समुद्रात आहे.

उद्या सकाळी सातची होडी. सगळे असतील. त्याच जागी उभी राहून सांगणार, त्या दिवशी जेवढ्या मोठ्याने ओरडले होते, तेवढ्याच मोठ्याने.